सोर्स कोड हरवला तरी ‘मिलसर्व्हर’ हे नाव तुमच्याच हातात आहे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. उदगीरकडं तुमची दाळमिल आहे. वजनकाट्याच्या खोलीत एक, ऑफिसात एक आणि गोदामाच्या दारात एक असे तीन कॉम्प्युटर. तिघांचा डेटा ज्याच्यावर असायचा तो चौथा, त्याचं नाव ‘मिलसर्व्हर’. मृगाच्या पहिल्याच पावसात वीज कडाडली आणि मिलसर्व्हरचा मदरबोर्ड गेला. बॅकअप पेनड्राइव्हवर होता हे नशीब. नवा कॉम्प्युटर आला, डेटाबेस चढवला, आणि तुमच्याच शब्दांत सांगायचं तर ‘काटाच बोलंना झाला’. तिन्हीकडं एकच निरोप येतोय, सर्व्हर सापडत नाही. नव्या कॉम्प्युटरचं नाव आहे ‘डेस्कटॉप’ आणि पुढं सात अक्षरांची भेळ. प्रोग्राम लिहून देणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला, फोन उचलत नाही, सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचं मूळ लिखाण, कुणाकडंच नाही. एकजण म्हणतो नवीन सॉफ्टवेअर घ्या, दुसरा म्हणतो एक्झी, म्हणजे प्रोग्रामची तयार चालणारी फाइल, फोडून नाव बदलून देतो. कोड नसताना काही मार्ग आहे का, असं तुम्ही विचारलंय.

आहे. आणि तो कोडातून जातच नाही.

अंबाजोगाईला निजामाच्या राज्यात मोमिनाबाद म्हणत. तिकडच्या जुन्या दस्तांवर तेच नाव सापडतं. ते खोडून कुणी नवं घालत नाही, घालताही येत नाही. पण जुन्या कारकुनाला ठाऊक असतं की मोमिनाबाद म्हणजे हेच गाव, आणि त्याचं काम अडत नाही. तुमचा प्रोग्राम हा तसलाच दस्त समजा. त्यावर ‘मिलसर्व्हर’ लिहिलंय ते राहू द्या. ‘मिलसर्व्हर म्हणजे आता हा डबा’ एवढं सांगणारा कारकून बसवायचा. नाहीतर त्याहून सोपं, नव्या डब्याचंच नाव मिलसर्व्हर ठेवायचं.

पण त्याआधी एक गोष्ट ओळखायला शिका. वीस वर्षं मी लातूर, नांदेड, जालन्याच्या मिला आणि दवाखान्यांमधून वायरी ओढतोय, आणि नावाच्या प्रत्येक भानगडीत शेवटी हाच प्रश्न उरतो. प्रोग्राम नावाच्या बाबतीत दोनच गोष्टी विचारू शकतो. एक, ‘मी ज्या कॉम्प्युटरवर चालतोय त्याचं नाव काय?’ दुसरी, ‘अमुक नावाचा कॉम्प्युटर कुठं आहे?’ पहिल्याचं उत्तर ती मशीनच देते, तिच्या ऑपरेटिंग सिस्टिमकडून. दुसऱ्याचं उत्तर नेटवर्कवर शोधलं जातं आणि शेवटी एका आयपी पत्त्यावर, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरच्या नंबरावर, येऊन थांबतं. दोन्ही वेळा उत्तर प्रोग्रामच्या बाहेर असतं. तुम्हाला फक्त उत्तर बदलायचंय. पण इलाज दोघांचे निराळे आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की दोन दिवस वाया जातात.

तुमचा प्रश्न दुसऱ्या जातीचा आहे असं मला वाटतं. ओळखायची खूण सोपी. प्रोग्राम खुद्द नव्या सर्व्हरवर उघडतो आणि बाकीच्या तीन ठिकाणी उघडत नाही, तर तो ‘कुठं आहे’ विचारतोय. कुठंच उघडत नाही आणि ‘नोंदणी नाही’, ‘लायसन्स जुळत नाही’ असं काही बोलतो, तर तो ‘मी कोण’ विचारतोय. सर्व्हर सोडून बाकी कुठल्याही एका कॉम्प्युटरवर काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडा, पिंग (समोरच्या मशीनला हाक मारून बघायची आज्ञा) लिहा आणि पुढं मिलसर्व्हर. इथं लोक शेवटच्या ओळी बघतात आणि ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं की सर्व्हर बंद आहे म्हणून मोकळे होतात. तुम्ही पहिली ओळ बघा. नावाशेजारी चौकटी कंसात आयपी दिसला तर नाव सापडलंय. उत्तर न येण्याचं कारण बहुतेक वेळा समोरची फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून येणारं अडवणारा पहारेकरी, असते, विंडोज पुष्कळदा पिंगला उत्तरच देत नाही. ‘होस्ट सापडला नाही’ असं आलं तरच भानगड नावाची. आणि आयपीच्या जागी ‘एफई८०’ने सुरू होणारी लांबलचक माळ आली तर घाबरू नका, तो आयपीव्ही६ पत्ता आहे. पिंगनंतर वजा चार टाकून पुन्हा विचारा, म्हणजे नेहमीचा पत्ता दिसेल.

(मी सगळं देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजी स्पेलिंग आणि इंग्रजी आकडेच वापरा. मागं एकानं होस्ट्स फाइलीत (तिच्याबद्दल पुढं येतंच) खरोखरच मराठी आकडे टाकले होते.)

आता एक्झी फोडायची भाषा करणाऱ्याला चहा पाजा आणि परत पाठवा. त्याआधी हे तपासा, की नाव एक्झीत आहे तरी का. दहातल्या सात-आठ वेळा नसतं. प्रोग्राम लिहिणारा कितीही आळशी असला तरी प्रत्येक गिऱ्हाईकासाठी पुन्हा प्रोग्राम बांधायचा कंटाळा त्याला त्याहून जास्त असतो. म्हणून तो नाव बाहेर कुठंतरी ठेवतो. प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये आयएनआय किंवा कॉन्फिग शेपटीची फाइल शोधा, नोटपॅडमध्ये उघडा, ‘सर्व्हर’ किंवा ‘डेटा सोर्स’ असा शब्द शोधा. तिथं नसेल तर विंडोजच्या फोल्डरमध्ये बघा, जुने प्रोग्राम आपली आयएनआय तिथं टाकायचे. मग कंट्रोल पॅनेलमधलं ओडीबीसी, म्हणजे प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणाऱ्या नोंदींची जागा. तिथं एक गोम आहे. ६४ बिट विंडोजवर ओडीबीसीच्या दोन खिडक्या असतात, आणि तुमचा जुना प्रोग्राम बहुधा ३२ बिटचा, तो फक्त ३२ बिटवाली यादी बघतो. ती खिडकी सिसवॉव६४ या फोल्डरमध्ये असते, आणि ६४ बिटवाली सिस्टिम३२ मध्ये. नावं उलटी लागलीत असं वाटेल, पण आहे ते असंच आहे.

आणखी एक सापळा असा, की आयएनआय बदलली, सेव्ह केली, तरी प्रोग्राम जुनंच नाव शोधतो. व्हिस्टापासून विंडोज जुन्या ३२ बिट प्रोग्रामांना प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरमध्ये लिहू देत नाही. त्यांनी लिहायचा प्रयत्न केला की गुपचूप त्या युजरच्या अ‍ॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर अशा फोल्डरात एक प्रत बनवते आणि पुढं तीच वाचायला देते. तुम्ही मूळ फाइल दुरुस्त करता, प्रोग्राम वाचतो ती सावली. एका दवाखान्यात या सावलीनं माझे तीन दिवस खाल्ले. डॉक्टरांच्या लॉगिनला चालायचं, रिसेप्शनच्या ताईंच्या लॉगिनला चालायचं नाही, आणि मी दरवेळी डॉक्टरांच्याच लॉगिननं तपासत होतो.

कुठंच सापडलं नाही तर प्रोसेस मॉनिटर नावाचं फुकट साधन आहे, मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं. ते चालू करा, गाळणीत तुमच्या प्रोग्रामचं नाव टाका आणि प्रोग्राम उघडा. तो कुठल्या फाइली उघडतो, रजिस्ट्रीतल्या (विंडोज सेटिंग लिहून ठेवते ती वही) कुठल्या किल्ल्या, म्हणजे नोंदी, वाचतो, सगळं ओळीनं दिसतं. कोड नसला तरी कोड काय करतो ते इथं उघडं पडतं. तो नेटवर्कवर कुठल्या नावाची चौकशी करतोय हे पाहायचं असेल तर वायरशार्क, नेटवर्कवरून काय जातंय ते दाखवणारा प्रोग्राम. डीएनएसची, म्हणजे नावावरून आयपी सांगणाऱ्या सेवेची, चौकशी साध्या अक्षरांत दिसते, चुकलेलं एक अक्षरसुद्धा. एका जिनिंगमध्ये ‘सर्व्हर’च्या स्पेलिंगमधला एक ‘ई’ खाल्लेला होता आणि मूळ मशीनचं नावही तसंच चुकीचं ठेवलेलं होतं. नव्या माणसानं नाव शुद्ध ठेवलं आणि सगळं बंद पडलं.

नाव बाहेर सापडलं तर तिथं नवं नाव टाका, विषय संपला. सापडलं नाही, म्हणजे खरंच एक्झीत गाडलेलं आहे, असं धरून पुढं जाऊ.

तुमच्या बाबतीत माझा पहिला सल्ला, नव्या कॉम्प्युटरला जुनंच नाव द्या. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट, तिथं ‘रीनेम धिस पीसी’ असतं. नाव लिहा, रीस्टार्ट करा. रीस्टार्ट केल्याशिवाय नाव लागू होत नाही, आणि इथं ‘नंतर करतो’ म्हणणारे पुष्कळ. पॉवरशेलवाल्यांसाठी (तीही विंडोजची आज्ञा लिहायची खिडकी) ‘रीनेम-कॉम्प्युटर’ ही आज्ञा आहे, काम तेच. रजिस्ट्रीत जाऊन हातानं नाव बदलायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. हे नाव तिथं एका जागी नसतं. कॉम्प्युटरनेमच्या किल्ल्या निराळ्या, नेटवर्कच्या टीसीपीआयपीच्या निराळ्या, एक बदललं आणि एक राहिलं की मशीन दोन नावांनी वावरते आणि मग कुठल्या नावानं ओ देईल त्याचा नेम नाही.

नाव देताना दोन गोष्टी. जुना मिलसर्व्हर दुरुस्त होऊन परत आला तर तो त्याच नावानं नेटवर्कवर लावू नका, ‘हे नाव आधीच वापरात आहे’ म्हणून भांडण लागतं. आणि नाव १५ अक्षरांच्या आत ठेवा. विंडोजचा नावं ओळखायचा जुना मार्ग, नेटबायोस, १६ जागा देतो, पण सोळावी जागा सेवेचा प्रकार सांगायला राखीव असते. पंधराच्या पुढचं शेपूट नेटबायोस छाटून टाकतो, आणि नेमका जुना प्रोग्राम त्या छाटलेल्या नावावर चालणारा निघतो. अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ, एवढंच वापरा. खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोर, विंडोजनं कधीकाळी चालवून घेतली, पण होस्टच्या नावात ती बसत नाही. पहिलं अक्षर आकडा असायला मात्र १९८९ पासून परवानगी आहे, त्याआधी तेही नव्हतं. लहान-मोठ्या लिपीचा फरक नावात धरत नाहीत.

इथं लोक मला पुन्हा फोन करतात, ‘नाव तेच ठेवलं, पिंग पण होतंय, तरी सर्व्हर सापडंना.’ याचं उत्तर बहुतेक वेळा डेटाबेसमध्ये असतं. तुमचा डेटा एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसच्या फुकटच्या एक्स्प्रेस आवृत्तीत आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून जरा खोलात जातो. एक्स्प्रेस नव्यानं बसवलं की त्यात टीसीपीआयपी बंद असतं, म्हणजे ते फक्त स्वतःच्याच मशीनवर बोलतं. सर्व्हरवर चालतं, बाकी तिघांवर नाही, ही लक्षणं हुबेहूब नावाच्या आजारासारखी दिसतात. एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजर उघडा, टीसीपीआयपी चालू करा, सेवा रीस्टार्ट करा, फायरवॉलमध्ये वाट द्या. दुसरं, एक्स्प्रेस बसवताना ते आपणहून ‘एसक्यूएलएक्स्प्रेस’ नावाचा इन्स्टन्स, म्हणजे डेटाबेस सर्व्हरची वेगळी चालणारी प्रत, बनवतं. मग पूर्ण पत्ता होतो मिलसर्व्हर, उलटी रेघ (बॅकस्लॅश), एसक्यूएलएक्स्प्रेस. जुन्या मशीनवर डिफॉल्ट, म्हणजे बिननावाचा, इन्स्टन्स असेल तर तुमचा प्रोग्राम नुसत्या ‘मिलसर्व्हर’ला हाक मारतोय, आणि तिथं त्या नावाला ओ देणारं कुणी नाही. घर बरोबर, खोली चुकीची. एक्स्प्रेस काढून डिफॉल्ट इन्स्टन्स म्हणून पुन्हा बसवा, किंवा प्रत्येक क्लायंटवर, म्हणजे सर्व्हरला जोडणाऱ्या कॉम्प्युटरवर, उपनाव द्या. क्लायकॉन्फजी नावाची छोटी खिडकी विंडोजमध्ये आधीपासून असते, तिच्यात ‘मिलसर्व्हर म्हणजे अमुक आयपी, अमुक पोर्ट’ असं लिहिता येतं. पोर्ट म्हणजे त्या मशीनचं कितवं दार. डिफॉल्ट इन्स्टन्सचा पोर्ट १४३३. नाव दिलेल्या इन्स्टन्सचा पोर्ट दर रीस्टार्टला बदलू शकतो, म्हणून आधी कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये तो पक्का करा. आणि पुन्हा तीच गोम, ३२ बिट प्रोग्रामसाठी सिसवॉव६४ मधली खिडकी उघडायची. सिस्टिम३२ मधल्या खिडकीत लिहिलेलं उपनाव त्याला दिसतच नाही. हा एक मुद्दा कळला असता तर माझ्या धंद्याच्या पहिल्या पाच वर्षांतल्या किमान दहा रात्री वाचल्या असत्या.

एसक्यूएल सर्व्हर आपल्या पोटातही मशीनचं नाव लिहून ठेवतो, बसवताना जे असेल ते. तुम्ही आधी एसक्यूएल बसवलं आणि नंतर मशीनचं नाव बदललं, तर आत जुनंच राहतं. नुसत्या जोडणीला त्यानं अडत नाही, पण काही रिपोर्ट आणि रेप्लिकेशन (डेटाची दुसरीकडं प्रत ठेवणं) अडखळतात. ‘एसपी_ड्रॉपसर्व्हर’नं जुनं काढायचं, ‘एसपी_अ‍ॅडसर्व्हर’नं नवं घालून पुढं ‘लोकल’ लिहायचं, आणि सेवा रीस्टार्ट. म्हणून क्रम लक्षात ठेवा, आधी नाव, मग एसक्यूएल.

आता समजा जुनं नाव देताच येत नाही. मशीन कंपनीच्या डोमेनमध्ये, म्हणजे एका जागेवरून चालवलेल्या नेटवर्कमध्ये, आहे आणि तिथला साहेब हात लावू देत नाही, किंवा नव्या मशीनवर आधीच दुसऱ्या नावानं टॅली चालू आहे. तेव्हा कारकून लागतो, आणि त्याचं नाव होस्ट्स फाइल.

ही फाइल इंटरनेटपेक्षा म्हातारी आहे. अर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाच्या, काळात सगळ्या जोडलेल्या कॉम्प्युटरांची नावं आणि पत्ते एकाच फाइलीत असत. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांची माणसं ती सांभाळायची, आणि बाकीचे तिथून उतरवून घ्यायचे. नावं वाढत गेली तसं हे झेपेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं. पण ती जुनी फाइल गेली नाही. विंडोज, लिनक्स, मॅक, प्रत्येकात ती अजून आहे, आणि सहसा डीएनएसला विचारायच्या आधी तिलाच विचारलं जातं. आपलं काम त्यावरच भागतं.

विंडोजमध्ये ती सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरमध्ये आहे. नोटपॅडवर उजवी टिचकी मारून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’नं उघडा, नाहीतर सेव्ह होणार नाही. शेवटी नवी ओळ घाला, आधी आयपी, मग जागा सोडून नाव. समजा १९२.१६८.१.५० आणि पुढं मिलसर्व्हर. ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह ठेवू नका, ते असलं की ती ओळ नुसती टीप ठरते. सेव्ह करताना नोटपॅड आपल्या मनानं टीएक्सटी शेपूट लावतं, आणि शेपटीसकट फाइल विंडोज वाचत नाही. एक्सप्लोररमध्ये शेपट्या दाखवायचा पर्याय चालू करून खात्री करा. मग काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग, तिरकी रेघ, फ्लशडीएनएस. आता पुन्हा पिंग. एनएसलुकअपनं तपासू नका, ते होस्ट्स फाइलीकडं बघतच नाही, सरळ डीएनएसला विचारतं आणि तुम्हाला ‘नाव नाही’ असं सांगून घाबरवतं. काही अँटिव्हायरस ही फाइल बदलू देत नाहीत किंवा रात्रीतून पूर्ववत करतात, त्यात तिला अपवाद म्हणून घाला.

ही ओळ तिन्ही क्लायंटवर घालायची, सर्व्हरवर नव्हे. तीन मशीन असतील तर हरकत नाही. तीस असतील तर हा उद्योग करू नका, एखादा डीएनएस उभा करा आणि तिथं एकदाच नोंद करा. काही राउटरांमध्येही नावाची नोंद करायची सोय असते, आधी ते बघा. तिथं नावापुढं काही शेपूट लावायची वेळ आली तर ‘डॉट लोकल’ लावू नका, ते मल्टिकास्ट डीएनएससाठी (उपकरणं एकमेकांना आपणहून शोधतात ती पद्धत) राखून ठेवलेलं आहे आणि प्रिंटर, मोबाइल त्याच्यावर गोंधळ घालतात.

होस्ट्स फाइलीची खरी कमजोरी मात्र लाईट आहे. हसू नका. फाइलीत आयपी लिहिलेला आहे, आणि आयपी वाटतो राउटर. आपल्याकडं दिवसातून चार वेळा लाईट जाते. राउटर उठतो, आधी काटा जागा होतो, मग सर्व्हर, आणि राउटरला आधीचं वाटप आठवलं नाही की कालचा ५० नंबर आज काट्याला मिळतो. मग काटा स्वतःलाच मिलसर्व्हर समजून स्वतःलाच फोन लावत बसतो. म्हणून राउटरमध्ये सर्व्हरच्या मॅक पत्त्यापुढं (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) आयपी कायमचा बांधून टाका. त्याला रिझर्व्हेशन म्हणतात. सर्व्हरवर हातानं पक्का आयपी घालायचा असेल तर तो राउटरच्या वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा निवडा. आणि राउटरलाही छोटा यूपीएस लावा, सगळे फक्त कॉम्प्युटरलाच लावतात.

होस्ट्स फाइल फक्त नावाचा आयपी करते. तिला पोर्ट कळत नाही, इन्स्टन्स कळत नाही. तिच्यात १९२.१६८.१.५० च्या पुढं पोर्ट लिहून ‘चालत नाही’ म्हणणारे मला दरवर्षी भेटतात. शेअर केलेल्या फोल्डरला उपनावानं गेलं की जुन्या विंडोजवर सर्व्हर ‘हे माझं नाव नाही’ म्हणून दार लावून घेतो. त्यासाठी सर्व्हरच्या रजिस्ट्रीत डिसेबलस्ट्रिक्टनेमचेकिंग अशी नोंद करावी लागते. विंडोज सर्व्हर असेल तर ‘नेटडॉम’नं मशीनला रीतसर दुसरं नाव जोडता येतं, ते जास्त स्वच्छ. प्रोग्राम एचटीटीपीएसनं, म्हणजे कुलूपबंद वेब जोडणीनं, बोलत असला तर होस्ट्सचा उलट फायदाच होतो. प्रमाणपत्र नावावर असतं, आयपीवर सहसा नसतं, आणि नाव तुम्ही बदललेलंच नाही.

आता पहिल्या जातीचा प्रश्न, ‘मी कोण?’ तुम्हाला आत्ता लागणार नाही, पण तुमच्या काट्याच्या प्रोग्रामात पावतीवर मशीनचं नाव छापतं असं तुम्ही जाता जाता लिहिलंय, म्हणून सांगतो. तो प्रोग्राम हे नाव विंडोजकडून घेत असेल तर मशीनचं नाव बदलण्यावाचून गत्यंतर नाही. पण काही जुने प्रोग्राम आणि बॅच फाइली (आज्ञांची यादी असलेल्या) ‘कॉम्प्युटरनेम’ या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे सुरू होताना हातात मिळालेल्या चिठ्ठीतून, घेतात. तसं असेल तर छोटी बॅच फाइल बनवा, पहिल्या ओळीत सेट कॉम्प्युटरनेम बरोबर हवं ते नाव, दुसऱ्या ओळीत प्रोग्राम. त्या एकाच प्रोग्रामला नवं नाव दिसतं, बाकी मशीनला पत्ता नसतो. चाललं तर चाललं, पाच मिनिटांचा प्रयोग आहे.

लिनक्सवर हा खेळ फार सुंदर आहे. पक्कं नाव बदलायला ‘होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम’ आणि पुढं नाव. ते ईटीसीमधल्या होस्टनेम फाइलीत जातं. डेबियन, उबुंटूवाल्यांनी होस्ट्स फाइलीत १२७.०.१.१ च्या ओळीतलं जुनं नावही बदलावं, नाहीतर प्रत्येक सुडोला (अ‍ॅडमिनच्या अधिकारानं आज्ञा चालवताना) ‘होस्ट सापडत नाही’ अशी कुरकुर सुरू होते. भाड्याच्या क्लाउड मशीनवर नाव रीस्टार्टनंतर परत जुनं होत असेल तर तो सुरू होताना मशीनची मांडणी करणाऱ्या क्लाउड-इनिटचा उद्योग, त्याच्या कॉन्फिगमध्ये ‘प्रिझर्व्ह होस्टनेम’ ट्रू करा. पण कोड नसलेल्या एकाच प्रोग्रामला वेगळं नाव दाखवायचं असेल तर मशीनला हात लावायचं कारणच नाही. लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, नावासाठी स्वतंत्र कप्पा करून देतो, यूटीएस नेमस्पेस म्हणतात त्याला. रूटच्या अधिकारानं ‘अनशेअर’ला यूटीएसचा पर्याय देऊन नवी शेल (आज्ञा लिहायची खिडकी) उघडा, आत होस्टनेम बदला, तिथूनच प्रोग्राम चालवा. आतल्याला नवं नाव, बाहेरच्यांना जुनं. डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) होस्टनेमचा पर्याय देऊन कंटेनर चालवता तेव्हा आत हेच होतं. आणखी एक वाट एलडी_प्रीलोडची. नाव विचारणाऱ्या फंक्शनच्या जागी आपलं छोटं फंक्शन पुढं करायचं. पण प्रोग्राम स्टॅटिक पद्धतीनं, म्हणजे सगळी फंक्शनं आतच घेऊन, बांधलेला असेल तर ही युक्ती लागू पडत नाही, म्हणून मी नेमस्पेसच वापरतो.

मॅकवर नावं तीन असतात, ‘एससीयूटिल’नं तिन्ही बदलता येतात. आपल्याकडच्या मिलांत मॅक मी एकच पाहिला, मालकाच्या मुलाचा.

लायसन्सचं मात्र स्पष्ट बोलतो. प्रोग्राम मशीनचं नाव बघून लायसन्स तपासत असेल आणि तुमची मशीन जळली म्हणून तुम्ही तेच नाव दुसऱ्या मशीनला देत असाल, तर जुनी मशीन बंद ठेवा आणि विक्रेत्याला कळवून ठेवा. एकाच लायसन्सवर पाच मशीन चालवायला ही युक्ती वापरणार असाल तर मला फोन करू नका.

आणि ते एक्झी फोडणं. एकदा मीही केलंय, तरुणपणी. हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतले कच्चे बाइट दाखवणारं साधन) नाव शोधलं, त्याच्यावर नवं लिहिलं. नवं नाव जुन्यापेक्षा लांब असलं तर पुढच्या बाइट तुडवल्या जातात, आखूड असलं तर उरलेली जागा शून्यांनी भरावी लागते. डॉटनेटचा प्रोग्राम असेल तर प्रत्येक अक्षर दोन बाइटचं आणि आधी लांबीची नोंद, ती जुळली नाही की सगळं विस्कटतं. डिजिटल सही असेल तर ती मोडते आणि अँटिव्हायरस फाइल उचलून नेतो. माझं नाव जुळलं होतं, प्रोग्राम उघडलाही. पण तेच नाव आत आणखी एका ठिकाणी होतं, बॅकअपच्या कामात, ते मी पाहिलंच नाही. पावत्या निघत होत्या म्हणून सगळे खूश. चार महिने बॅकअप झालाच नव्हता.

पुढच्या वेळी नाव ठेवाल तेव्हा कामावरून ठेवा, गावावरून किंवा माणसावरून नको. मी स्वतः एका कंपनीत औरंगाबादची पहिली तीन इंग्रजी अक्षरं लावून बारा मशीनची नावं ठेवली होती. २०२३ मध्ये शहर अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं, आणि साहेबांनी विचारलं, मशीनचं काय? बारापैकी चार मशीनची नावं कुठल्या कुठल्या प्रोग्रामात गाडलेली निघाली. त्या चारांना डीएनएसमध्ये उपनावं देऊन भागवलं.

तुमच्यासाठी आज संध्याकाळचं काम. मिल बंद झाल्यावर नव्या डेटाबेसचा बॅकअप घ्या. मशीनचं नाव मिलसर्व्हर करा, रीस्टार्ट करा. राउटरमध्ये आयपी बांधा. एसक्यूएलचं टीसीपीआयपी चालू आहे का आणि इन्स्टन्स कुठल्या नावाचा आहे ते बघा. मग काट्याच्या कॉम्प्युटरवरून पिंग, आणि पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’, नाव मिलसर्व्हर, पोर्ट १४३३ (दुसरा पक्का केला असेल तर तो). ते खरं आलं की प्रोग्राम उघडा. तरी अडलं तर पिंगची पहिली ओळ आणि प्रोग्रामचा निरोप, दोन्हींचे फोटो पाठवा.

जुन्या मिलसर्व्हरची डिस्क भंगारात देऊ नका. तुम्ही ‘मिलसर्व्हर’ म्हणताय, पण मध्ये आडवी रेघ होती की नव्हती हे नक्की आठवतंय का? शंका आली तर ती डिस्क दुसऱ्या मशीनला यूएसबीनं लावा, रेजएडिटमधून (रजिस्ट्री बघायचं विंडोजचं साधन) तिच्या विंडोज, सिस्टिम३२, कॉन्फिग फोल्डरातली ‘सिस्टिम’ ही फाइल ‘लोड हाइव्ह’नं उघडा, आणि कंट्रोलसेट००१, कंट्रोल, कॉम्प्युटरनेम असं खाली उतरत जा. मशीन मेली तरी तिचं नाव तिथं अक्षर न् अक्षर लिहिलेलं असतं.